तंबोऱ्यातला गंधार ऐकू येईपर्यंत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी सासूबाईंचा तंबोरा गवसणी घालून कपाटावर ठेवलेला होता. त्या गेल्यावर सात वर्षं त्याला कुणी हात लावला नाही. मी तो खाली काढला तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं, आणि मला गाणं शिकायचं नव्हतं. मला फक्त एक सूर ऐकायचा होता. तंबोरा लावून झाला की सासूबाई डोळे मिटून म्हणायच्या, "आला बघ गंधार." मी मान हलवायची. ऐकू काहीच यायचं नाही. तारा चार: पंचम, सा, सा आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. गंधाराची तारच नाही, मग गंधार येतो कुठून, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

तो मला ऐकू यायला साडेचार महिने लागले. त्यातले तीन महिने नको त्या वाटेनं गेले. पन्नाशीच्या आसपास तंबोरा हातात घेणाऱ्या, किंवा गाणं न शिकता नुसता कान तयार करू पाहणाऱ्या कुणाचे ते तीन महिने वाचावेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडं समजून घ्या, पुढचं सोपं जाईल. खर्जाची तार सेकंदाला 100 वेळा कंप पावते असं धरू. (माझी पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा माझा सा. तिचा खर्ज 104च्या जवळपास आहे, पण हिशेबाला 100 बरा.) ही तार एकाच वेळी पूर्ण लांबीनंही हलते आणि दोन, तीन, चार, पाच भागांतही हलते. म्हणून 100च्या जोडीला 200, 300, 400, 500 असे सूर त्याच तारेतून निघतात. 200 हा सा, 300 पंचम, 400 पुन्हा सा आणि 500 हा शुद्ध गंधार. आपोआप उपजतो म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

आपला कान हे सूर खरोखरच वेगळे करतो. कानाच्या आतली शंखासारखी नळी उलगडली तर साधारण 35 मिलिमीटर भरते. तिच्यात उंच सूर बाहेरच्या टोकाशी आणि खर्जातले आतल्या टोकाशी, असा ज्याचा त्याचा मुक्काम ठरलेला असतो. 400 आणि 500 वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात. त्यांची मोळी बांधतं ते मन. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली तर आपल्याला पाच-पंचवीस सूर ऐकायचे नसतात, "आई आली" एवढंच कळायला हवं असतं. जन्मापासून मन हेच करत आलं आहे. म्हणजे गंधार ऐकायला कान बदलावा लागत नाही, मनाला ती मोळी थोडा वेळ सोडायला शिकवावं लागतं. खालची प्रत्येक पायरी त्यासाठी आहे.

काय काय लागेल

- चार तारांचा तंबोरा, स्वतःचा किंवा उसना. तीन तारा पोलादी असतात, खर्जाची पितळी.
- जवारीसाठी, म्हणजे तारेचा आवाज खुलवायला, साधा सुती दोरा, बोटभर लांबीचे चार तुकडे.
- शिवणकामाची टेप आणि पेन्सिल.
- रोज एकाच वेळची वीस मिनिटं.
- एक छोटी वही.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरचा तंबोरा ऐकण्याची गोडी लावायला चालेल, या कामाला नको. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून 100 कंपनांचा खर्ज जवळजवळ निघतच नाही, तरी तो आपल्याला "ऐकू येतो". 200, 300, 400 एकत्र कानी पडले की खाली 100 असणारच असं मन धरून चालतं आणि तो सूर भरून काढतं. मला हे कळलं त्या दिवशी मी चकित झाले होते. पण आपल्याला मनाची हीच सवय बाजूला ठेवायची आहे, तेव्हा खरी तार हवी. शिवाय पाचव्या पायरीत तारेवर बोट ठेवायचं आहे, ते मोबाइलवर कसं ठेवणार?

1. आधी कान दाखवून घ्या, मग जागा शोधा

वय झालं, आता काय ऐकू येणार, ही भीती मलाही होती. वयाबरोबर ऐकणं कमी होतं ते वरच्या टोकाकडून. तरुण कानाला 20 ते 20,000 कंपनांपर्यंत ऐकू येतं, त्यातले वरचे काही हजार आधी जातात. आपला गंधार 500च्या आसपास, तो सहसा शाबूत असतो. तरी घरात टीव्हीचा आवाज तुम्हीच सारखा वाढवत असाल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओग्रॅम काढा. जुने कागद असतील तर सोबत न्या. कानातला मळ घरी काडीनं काढू नका, तो आणखी आत ढकलला जातो.

जागेचं मात्र मनावर घ्या. महाराज बाडा या गजबजलेल्या चौकापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सकाळी आठनंतर काही ऐकायचं नावच नको. मी पहाटे पाचला बसायला लागले. शांतता होती, तरी खर्ज छेडला की आवाजात एक हेलकावा यायचा, सेकंदाला चारेक वेळा. खुंटी पिळली, मणी सरकवले, तार बदलली. आठ दिवस गेले. एका पहाटे लाइट गेली आणि हेलकावा तत्क्षणी थांबला. कोपऱ्यातला फ्रिजचा स्टॅबिलायझर गुणगुणत होता. आपली वीज 50 आवर्तनांची, आणि अशी यंत्रं त्याच्या दुपटीवर, म्हणजे 100वर घुमतात. माझा खर्ज 104वर. फरक चारचा, म्हणून हेलकावेही चार. बसण्याआधी खोलीतला स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, जुनी ट्यूबलाइट, पंखा, कूलर सगळं बंद करा. मे महिन्यात आपल्याकडे हे जड जातं, म्हणून सुरुवात थंडीत करावी असं माझं मत आहे.

2. पहिला आठवडा फक्त जोडीच्या तारा

मधल्या दोन तारा, दोन्ही सा. बाकीच्यांना हात लावू नका. एक तार स्थिर ठेवा आणि दुसरी तिच्याशी मिळवा. एक 200वर आणि दुसरी 202वर असेल तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. जवळ आणाल तसा हेलकावा संथ होतो. अर्ध्या कंपनाचा फरक उरला की दोन सेकंदांत एकच लाट. पूर्ण मिळाल्या की लाट मोडते आणि दोन तारांची एक तार होते. तो क्षण अंगाला कळतो.

मोठा फरक खुंटीनं काढायचा, बारीक फरक घोडीखालच्या मण्यांनी (घोडी म्हणजे भोपळ्यावरचा ठोकळा, ज्याच्यावर तारा टेकतात). मणी खाली सरकवला की तार ताणते. खुंटी फिरवताना आत दाबतच फिरवा, नाहीतर ती सटकते आणि सगळा सूर उतरतो.

इथला सापळा म्हणजे मोबाइलवरचं सूर दाखवणारं ॲप. सुई मधोमध आली की आपण ऐकणं थांबवतो. मी महिनाभर सुई बघत तंबोरा लावला आणि त्या महिन्यात माझा कान तसूभरही पुढे गेला नाही. सा किती उंच हवा एवढं ठरवायला ॲप एकदा वापरा, नंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

सरावानं खरंच फरक पडतो का, असं वाटत असेल तर सांगते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संगीत न शिकलेल्या माणसांना दोन सुरांमधला बारीक फरक ओळखायचा सराव दिला होता. चार ते आठ तासांच्या सरावात ती माणसं वर्षानुवर्षं शिकलेल्या वादकांच्या बरोबरीला आली. रोज वीस मिनिटं धरली तर हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे.

3. मग पंचम, मग खर्ज

पंचम मंद्रातला, पहिली तार. खर्ज शेवटची. दोन्ही जोडीच्या साशी मिळवायचे, एकमेकांशी नाही. पंचम मिळाला की तारा भांडत नाहीत, एवढी खूण पुरे.

छेडायची रीत: मधलं बोट पंचमाला, तर्जनी बाकी तिघींना. नखानं नाही, बोटाच्या मऊ कडेनं, तारेच्या साधारण मध्यावर. ओढायचं नाही, बोट तारेवरून निसटू द्यायचं. जोरात छेडलं की जास्त ऐकू येईल असं वाटतं. पण सुरुवातीचा दणका सगळं झाकून टाकतो.

4. जवारी उघडा, पण घोडी घासू नका

तंबोऱ्याचं मर्म इथे आहे. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि त्यानं वरचे सूर जागे होतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली वीणा आणि तंबोऱ्यावर एक निबंध लिहिला होता. साध्या तारेत ज्या बिंदूवर छेडलं तिथे ज्या सुरांची गाठ, म्हणजे न हलणारा बिंदू, पडते, ते सूर उमटत नाहीत. तंबोऱ्यात तेही उमटतात आणि ही किमया घोडीची आहे, असं त्यांनी दाखवलं.

दोरा तारेच्या खाली, घोडीच्या माथ्यावर घाला आणि केसाच्या जाडीइतका पुढे-मागे सरकवत तार छेडत राहा. आधी आवाज बोथट येईल. मग एका जागी तो एकदम खुलेल, मधमाश्यांच्या गुंजारवासारखा. त्या जागेच्या जरा पुढे गेलात तर नुसती झणझण. झणझणीला जवारी समजू नका. चारही तारांना ही जागा वेगवेगळी असते. घाई केली तर हाती काही लागत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

माझ्या त्या तीन महिन्यांतले बरेचसे दिवस इथे गेले. आवाज बंद वाटतो म्हणून मी तंबोरा एका दुकानात नेला. तिथे घोडी इतकी घासली की उतारच उरला नाही. तंबोरा परत आला तो मुका होऊन. शेवटी ओळखीच्या एकांबरोबर मिरजेला पाठवला, तिथे नवी घोडी बसवून मिळाली. गंमत बघा, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आपल्या ग्वाल्हेरला येऊन वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि ख्याल घेऊन दक्षिणेत गेले. इथलं गाणं मिरजेकडे पोचलं, तिथले तंबोरे इथे आले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुरुस्तीला देणार असाल तर तीन गोष्टी करा: देण्याआधी चारही तारांचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, घोडीचा बाजूनं फोटो काढा, आणि "आधी दोरा लावून बघा, विचारल्याशिवाय कानस लावू नका" हे लिहून द्या.

5. बोट ठेवून गंधार शोधा

इथवर आलात की खरं काम सुरू होतं. तंबोरा आडवा ठेवा. टेप घेऊन खर्जाच्या तारेची लांबी मोजा: खाली घोडीपासून वर त्या पट्टीपर्यंत, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे वळतात. समजा 90 सेंटिमीटर भरली. आता वरच्या पट्टीपासून 45, 30, 22.5 आणि 18 सेंटिमीटरवर दांडीवर पेन्सिलनं बारीक खुणा करा. ही लांबीची निम्मी, तिसरी, चौथी आणि पाचवी वाटणी आहे. तुमची तार 85 सेंटिमीटर असेल तर पाचवी खूण 17वर येईल.

डाव्या हाताची तर्जनी 45च्या खुणेवर तारेला नुसती टेकवा. दाबायची नाही, दुधावरच्या सायीला बोट लावावं तितकंच. उजव्या हातानं दुसरीकडे छेडा आणि छेडल्याबरोबर डावं बोट उचला. बासरीसारखा स्वच्छ सा वाजेल. 30वर टेकवा, पंचम येईल. 22.5वर पुन्हा सा. आणि 18वर गंधार.

पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी हात तसाच धरून बसले. उंच, बारीक, हिऱ्याच्या कणीसारखा सूर, आणि तो त्याच खर्जाच्या जाड पितळी तारेतून येत होता. खूण मिलिमीटरनं चुकली तरी तो फुटतो, तेव्हा बोट थोडं वर-खाली करून बघा.

आता पुढचं करा. बोट टेकवून गंधार वाजवा आणि तो मनात धरा. लगेच बोट न टेकवता तीच तार मोकळी छेडा. तो सूर आताही तिथेच आहे, बाकीच्यांच्या गर्दीत. सापडला नाही तर पुन्हा बोट, पुन्हा मोकळी. दहा वेळा. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हीच वाट सांगितली होती: जो सूर गर्दीतून वेचायचा, तो आधी एकटा हळू ऐकवायचा. मनाला चेहरा माहीत झाला की जत्रेतही माणूस सापडतो.

6. मोकळ्या तंबोऱ्यात ऐका

दहा-बारा दिवस पाचवी पायरी केल्यावर चारही तारा छेडत बसा. गंधार छेडल्याच्या क्षणी येत नाही. तार छेडली, दणका गेला, आवाज उमलायला लागला की श्वासभर वेळानं तो वर तरंगतो आणि पुढची तार येईपर्यंत असतो. लक्ष त्या जागेवर ठेवा.

मी हटून ऐकत होते आणि तो येत नव्हता. माझ्या गाण्याच्या बाई, ज्यांच्याकडे मी फक्त ऐकायला जायची, म्हणाल्या, "अगं, त्याच्या मागे धावू नकोस. खर्ज ऐक. खर्जाला धरून बस, तो स्वतःहून येतो."

"आणि नाही आला तर, बाई?"

"तर खर्ज तरी ऐकलास."

त्यांचं ऐकलं. चौथ्या दिवशी, जानेवारीतल्या पहाटे, खिडकीबाहेर दाट धुकं आणि मी अंगावर शाल घेऊन बसलेली असताना, खर्ज छेडल्यावर वर कुणीतरी हलकेच 'ग' म्हटल्यासारखं झालं. मला वाटलं शेजारच्या घरात रेडिओ लागला. हात थांबवला, सूर थांबला. पुन्हा छेडलं, तो पुन्हा आला. सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या तो हाच. मी तासभर उठले नाही.

एकदा ऐकू आला की तो जात नाही, पण तंबोरा लागलेला नसेल तर मुळीच येत नाही. त्यामुळे पुढे तीच तुमची परीक्षा: गंधार नाही म्हणजे कुठली तरी तार हलली आहे. थंडीत पोलाद आणि पितळ आकसतं, तारा चढतात, उन्हाळ्यात उतरतात. कपाटातून काढल्यावर तंबोरा खोलीत अर्धा तास तसाच ठेवा, मग लावा.

वहीत रोज एक ओळ लिहा: किती वाजता बसले, कोणती तार आधी उतरली, गंधार आला की नाही. महिन्याभरानं ती वही तुमच्या कामाची ठरेल.

7. हार्मोनियमचा गंधार मानू नका

हा सापळा सगळ्यात फसवा, कारण घरात हार्मोनियम असतेच आणि "गंधार कसा असतो बघू" म्हणून आपण पट्टी दाबतो. हार्मोनियममध्ये सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. तिचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, म्हणजे एका अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. आपल्या हिशेबात 500 ऐवजी 504. दोन्ही एकदम वाजवून बघा, सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतील. मनात हार्मोनियमचा गंधार धरून तंबोऱ्यात शोधलात, तर समोर उभा असलेला माणूस ओळखता येणार नाही. पाचव्या पायरीत बोटानं वाजवलेला, तोच प्रमाण.

पंचमाच्या तारेतही पाचवा सूर असतोच. 150 पाचपट म्हणजे 750, तो शुद्ध निषाद. गंधार पक्का झाल्यावर त्याच रीतीनं तोही शोधा, पंचमाच्या तारेवर बोट टेकवून. खर्जाचा सातवा सूर मात्र सोडा. तो कोमल निषादापेक्षाही बराच उतरलेला असतो आणि नव्या कानाला गोंधळात टाकतो.

8. मग समारोहाला या

ग्वाल्हेरला 2023मध्ये युनेस्कोनं संगीतनगरी म्हणून मान दिला. पण नव्या कानाला इथली खरी सोय डिसेंबरात होते. शहराच्या हजिरा भागात तानसेनांच्या समाधीशी दरवर्षी समारोह भरतो. 2024चा शंभरावा होता. सुरुवात शहनाई, ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतली हरिकथा आणि मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) यांनी होते. त्या सकाळीच या, गर्दी कमी असते.

ध्रुपदाची बैठक असेल ती निवडा. ध्रुपदाचा आलाप संथ असतो, तंबोऱ्यांना मोकळी जागा मिळते. मोठ्या स्पीकरच्या पुढ्यात बसू नका. बाजूला, मंच दिसेल तिथे बसा. कलाकार येऊन तंबोरे जुळवायला लागले की बहुतेक जण गप्पा मारतात, चहाला उठतात. तुम्ही उठू नका. दोन तंबोऱ्यांचे आठ तारांचे हेलकावे एकेक करून कसे शमतात ते ऐका. तंबोरे लागले आणि गायकानं अजून तोंड उघडलेलं नाही, अशी पंधरा-वीस सेकंदं मिळतात. गंधार तेव्हा ऐकायचा. डिसेंबरात तिथे उघड्यावर बोचरी थंडी असते. शाल आणि कानटोपी न्या, पण त्या पंधरा सेकंदांपुरती कानटोपी काढून ठेवा.